द्राक्षांची वाटी नेमकी किती ग्रॅमची?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतलं पाककृतींचं पान मी कात्रण करून ठेवते. माझ्याकडे अशा कात्रणांच्या तीन फायली झाल्या आहेत. त्यातल्या फळांच्या कृतींबद्दल एक विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. कृतीत जिथे ‘एक वाटी द्राक्षं’, ‘दोन वाट्या आंब्याच्या फोडी’, ‘वाटीभर डाळिंबाचे दाणे’ असं लिहिलं जातं, तिथे शेजारी ग्रॅमही छापावेत. ते ग्रॅम देठ, साल, कोय काढून झाल्यावरचे असावेत. आणि कृती लिहिणाऱ्याची वाटी किती मिलिलिटरची आहे, ते पानाच्या तळाशी एका ओळीत सांगावं.

मागणी छोटी आहे. पण तिच्यामागे आमच्या बचत गटाच्या वाया गेलेल्या जॅमच्या ३८ बरण्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होते. निवृत्त झाल्यावर मखमलाबाद रोडवरच्या आमच्या कॉलनीतल्या सात जणींनी मिळून बचत गट काढला. थंडीत आवळ्याचे पदार्थ, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे आणि उन्हाळ्यात कैरीचे. द्राक्षं आम्हाला दिंडोरीकडच्या ओळखीच्या बागेतून मिळतात. काढणीच्या वेळी घडातून गळालेले सुटे मणी चवीला उत्तम असतात, पण पेटीत जात नाहीत. ते स्वस्तात मिळतात आणि जॅमला चालतात.

एका वर्षी गटातल्या एकीनं कुठल्याशा पुरवणीतली द्राक्षांच्या जॅमची कृती आणली. अर्धा किलो द्राक्षं, दोन वाट्या साखर, एका लिंबाचा रस. आमच्याकडे १२ किलो मणी होते, म्हणजे कृतीच्या २४ पट. साखर झाली ४८ वाट्या. गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकूंची स्टीलची वाटी घेतली आणि एकजण वाट्या मोजत बसली, दुसरी कागदावर रेघा मारत बसली. एकही रेघ चुकली नाही. जॅम शिजला, रंग सुरेख आला, चव सगळ्यांना आवडली. जरा पातळ वाटत होता, पण गार झाल्यावर आळेल म्हणून उतरवला आणि बरण्या भरल्या. एका प्रदर्शनात त्यातल्या वीसेक विकल्याही गेल्या.

बाराव्या दिवशी पहिला फोन आला. झाकण उघडताना ‘फस्स’ असा आवाज झाला आणि आंबूस वास आला. घरी उरलेल्या बरण्या उघडून पाहिल्या तर चार-पाचांवर पांढरी बुरशी धरलेली. विकलेल्या बरण्यांचे पैसे आम्ही घरोघर जाऊन परत केले. ज्या काकूंची वाटी होती त्या महिनाभर गटाच्या कामाला आल्या नाहीत. आपल्या हाताचाच काही दोष असणार, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. बरण्या किंवा साखर गेल्यापेक्षा मला याचं वाईट वाटतं, कारण त्यांच्या हाताचा काहीही दोष नव्हता.

प्रयोगशाळेची सवय अंगात मुरलेली असल्यामुळे मी ती कृती पुन्हा वाचली. त्याच लेखिकेची केकची कृती माझ्या फायलीत सापडली आणि त्यात एका ठिकाणी ‘एक वाटी मैदा, म्हणजे १२० ग्रॅम’ असं होतं. १२० ग्रॅम मैदा मावतो तो २४० मिलिलिटरच्या मापात. म्हणजे त्यांची ‘वाटी’ हा दुकानात मिळणारा मापाचा कप होता. त्या कपात साखर २०० ग्रॅम बसते. काकूंची वाटी मी पाण्यानं भरून मोजली, ती १५० मिलिलिटरची निघाली. तिच्यात साखर बसते १२५ ग्रॅम. लेखिकेच्या हिशेबानं १२ किलो द्राक्षांना ९ किलो ६०० ग्रॅम साखर लागत होती. आमची पडली ६ किलो. साडेतीन किलोहून जास्त साखर कमी. मग तो तेवढ्याच वेळात आळणार कसा आणि टिकणार कसा?

जॅम टिकतो तो साखरेच्या जोरावर. साखर पाणी धरून ठेवते आणि बुरशीला, यीस्टला वाढायला पाणी उरत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत जॅमसाठी विद्राव्य घन घटक (विरघळलेले घटक, मुख्यतः साखर) किमान ६५ टक्के आणि तयार फळ किमान ४५ टक्के असावं, असं म्हटलं आहे. ही टक्केवारी वजनाची आहे. साखर कमी पडली असेल तर जॅम कितीतरी जास्त वेळ आटवावा लागतो, आणि हे करणाऱ्याला माहीत तरी असायला हवं.

त्यानंतर मी घरातल्या वाट्या मोजायला घेतल्या. माझ्याकडे काचेचं २५० मिलिलिटरचं मोजपात्र आहे, निवृत्तीच्या दिवशी मुलींनी भेट दिलेलं. वाटी काठोकाठ भरायची आणि पाणी मोजपात्रात ओतायचं. मसाल्याच्या डब्यातली वाटी ५५. मुलाच्या उष्टावणाची चांदीची ८०. रोजच्या वरणाच्या वाट्या १४०, पण त्याच संचातली एक, जी कधीतरी हरवली म्हणून भांडी बाजारातून नवी आणली, ती १६५. शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. सासूबाईंची पितळी वाटी २१०. बाजारातला प्लॅस्टिकचा कप २४०, आणि सुनेनं आणलेला दुसऱ्या बनावटीचा २५०. एकाच घरात ‘वाटी’ या शब्दाचे सात अर्थ निघाले.

पण वाटीचा आकार हा अर्धाच प्रश्न आहे. पीठ किंवा साखर असेल तर वाटी सुरीनं सपाट करता येते. द्राक्षं कशी सपाट करणार? शेवटचा थर काठाच्या वर डोकावतोच. कुणी ती शीग धरतं, कुणी काढून टाकतं. म्हणून मी २४० मिलिलिटरच्या कपात लांबट मण्यांची बिनबियांची द्राक्षं काठापर्यंत भरली. काट्यावर वजन आलं १५० ग्रॅम, मणी भरले ३८. मग त्याच भरलेल्या कपात मोजपात्रानं हळूहळू पाणी सोडलं. कप डोळ्यांना गच्च भरलेला दिसत होता, तरी मण्यांच्या फटींतून पाणी खाली उतरत राहिलं. काठाशी आलं तेव्हा तब्बल १०० मिलिलिटर पाणी आत गेलेलं होतं! म्हणजे आपण ज्याला वाटीभर द्राक्षं म्हणतो, त्यात पाच हिश्श्यांतले दोन हिस्से हवा असते. तीच द्राक्षं मिक्सरमधून काढून कप भरला तर वजन २५० ग्रॅमच्या आसपास जातं. वाटी तीच आणि फळही तेच, पण एक १५० आणि दुसरं २५०.

आता ‘समप्रमाणात द्राक्षं आणि साखर, वाटीनं मोजून’ असं लिहिलेली कृती घ्या. वाटीत साखर २०० ग्रॅम आणि अख्खी द्राक्षं १५० ग्रॅम. वाचणाऱ्याला वाटतं समसमान घेतलं, पण साखर फळाच्या सव्वा पटीहून जास्त झाली. असा जॅम दोन महिन्यांनी कडेनं खडे धरतो आणि मग बाई म्हणते, माझा पाक चुकला.

गेल्या दोन वर्षांत जी फळं घरात आली ती मी याच २४० मिलिलिटरच्या कपानं मोजून वहीत लिहिली. सुरगाणा-कळवणकडची स्ट्रॉबेरी रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून मिळते. अख्खी भरली तर कपात १४५ ग्रॅम, काप करून १६५, आणि गर करून २३०. आंब्याच्या फोडी १६५ ग्रॅम, आमरस मात्र २५०. पिकलेलं केळं काप करून भरलं तर १५० आणि कुस्करलं तर २२५. मध्यम केळी दोन कुस्करली की एक कप होतो, केळ्याच्या केकसाठी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. डाळिंबाचे दाणे १७५ ग्रॅम, अननसाच्या फोडी १६५, पपईच्या मोठ्या फोडी १४५. बेदाणे सैल भरले तर १४५, दाबून भरले तर १६५. हे आकडे वाण, पिकणं आणि फोडींचा आकार यांनी पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. पण फोडींचा कप आणि गराचा कप यांतला फरक पाच-दहा ग्रॅमचा नाही, तो साठ ते शंभराचा आहे. म्हणून नुसतं ‘एक वाटी स्ट्रॉबेरी’ लिहून भागत नाही. अख्खी, चिरलेली की वाटलेली, हे त्याच ओळीत हवं. ‘एक वाटी चिरलेली स्ट्रॉबेरी’ आणि ‘एक वाटी स्ट्रॉबेरी, चिरून’ या दोन वाक्यांत तर वीस ग्रॅमचं अंतर आहे. पहिल्यात चिरून मग मोजायचं, दुसऱ्यात मोजून मग चिरायचं. आपल्या पानावर दोन्ही तऱ्हा आढळतात.

याच्या आधीची पायरी बाजारातली. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात किंवा पंचवटीत आपण फळ किलोनं घेतो आणि कृती वाटीत बोलते. पिशवीतल्या किलोचं घरी किती उरणार? सालीचे, कोयीचे पैसे आपण दिलेले असतात. एक किलो केशर आंब्यांचा माझ्या हातून सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम रस निघतो, म्हणजे अडीच कप. सटाण्याकडून येणाऱ्या डाळिंबात दाण्यांचा वाटा निम्म्याहून थोडा वर, म्हणून एक कप दाण्यांना सव्वातीनशे ग्रॅम फळ घ्यावं लागतं. अननस साल, डोळे आणि मधला दांडा काढून जेमतेम अर्धा उरतो. द्राक्षांचं मात्र देठ सोडून काहीच जात नाही. कृतीत ‘अर्धा किलो अननस’ असं असेल तर तो सोलण्याच्या आधीचा की नंतरचा? याचं उत्तर कृतीतच नसेल तर शिऱ्यात अननस दुप्पट किंवा निम्मा पडू शकतो.

माझी भाची जर्मनीत असते. तिनं विचारलं, “मावशी, अननसाच्या शिऱ्याला एक वाटी अननस म्हणजे किती ग्रॅम गं? इथे वाटीच नाही, सगळं काट्यावर.” मी तिला १६५ सांगितलं. तिनं फोटो पाठवला. अननसाच्या डब्यावर दोन वजनं छापलेली होती, एक पाकासकट आणि एक पाक निथळून. कारखान्याला जे सुचतं ते आपल्या पाककृतींना सुचायला हवं.

माझ्या नणंदेचं मत वेगळं आहे. ती म्हणते, “वहिनी, चाळीस वर्षं मी मुरंबा काट्याशिवाय करते, कधी बिघडला?” खरंच नाही बिघडला. तिच्या साखरांब्याला मी हात जोडते. पण ती चाळीस वर्षं तीच पितळी वाटी वापरते, कैरी त्याच झाडाची, किसणी तीच, आणि कीस वाटीत भरताना अंगठ्यानं किती दाबायचा हे तिच्या अंगठ्याला ठाऊक आहे. ‘एक वाटी कीस, दीड वाटी साखर’ ही कृती तिच्याकडे बरोबर येते, कारण दोन्ही जिन्नस एकाच वाटीचे आहेत. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. वाटीचा हा मोठा गुण आहे आणि तो मी मनापासून मानते. गोंधळ होतो तो एक जिन्नस किलोत आणि दुसरा वाटीत लिहिला की. ‘अर्धा किलो द्राक्षं, दोन वाट्या साखर’ या ओळीत वाटीचा गुणही जातो आणि काट्याचाही. आमच्या ३८ बरण्या या एका ओळीत गेल्या.

शिवाय नणंदेची कृती छापून दुसऱ्याच्या हातात गेली की अंगठा तिच्यासोबत जात नाही. किसाची वाटी हलकी भरायची की गच्च, हे शब्दांत लिहावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी शब्दही आहेत: सपाट, शिगोशीग, दाबून. ते वापरायला काय हरकत आहे?

माझी आजी निफाडच्या बाजूची. तिच्याकडे धान्य मापानं मोजत. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आंबे शेकड्यानं यायचे. मुरंब्याचे आवळे आणि साखर मात्र ती तराजूत एकासमोर एक टाकायची, एका पारड्यात फळ आणि दुसऱ्यात साखर. ‘फळाइतकी साखर’ याचा तिच्या लेखी अर्थ वजनाइतकी असाच होता. गंमत म्हणजे शेरही दोन असायचे, एक वजनाचा आणि एक मापाचा, आणि वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा. घोटाळे तेव्हाही होत. १९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात यायला लागले, ते असले घोटाळे मिटवायलाच. दुकानातला शेर गेला. स्वयंपाकघरातली वाटी राहिली, आणि ती खुशाल राहू दे, पण तिच्याशेजारी ग्रॅम बसवायला जागा आहे.

आणि हे आपल्या नाशिकमध्ये तरी व्हायला हवं, असं मला फार वाटतं. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे. इथला बागाईतदार काढणीच्या आधी मणी चिरडून थेंबभर रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतो आणि ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, किती आलं ते पाहतो. मण्याची जाडी मिलिमीटरच्या कडीतून तपासतो, परदेशी जाणारा माल ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डबीत, वजन करून भरतो. एवढ्या नेमकेपणानं पिकवलेलं फळ ओट्यावर आलं की आपण त्याला ‘दोन वाट्या’ म्हणून मोकळे होतो. ओळखीच्या बागेतले मालक बरण्यांचं ऐकून एवढंच म्हणाले, “ताई, तुम्ही आम्हाला विचारायचं ना, या मालाला १८ ब्रिक्स होतं.” त्यांना फळातली साखर माहीत होती. आम्हाला मात्र वाटीतली माहीत नव्हती.

प्रत्येक पदार्थाला काटा लागतो, असं माझं म्हणणं नाही. फळांची कोशिंबीर, फ्रूट सॅलड, केळ्याचं शिकरण, यांत वाटी-दोन वाट्यांनी काही बिघडत नाही. मुरंबा, जॅम, सरबताचा पाक, फळ घातलेला केक आणि विकण्यासाठी म्हणून पटीत वाढवलेली कुठलीही कृती, एवढ्यांना ग्रॅम हवेतच. पटीत वाढवलं की चूकही पटीत वाढते. आज जिल्ह्यात कितीतरी गट, कितीतरी एकट्या बायका घरून पदार्थ करून विकतात आणि त्यांच्या हातात आपल्यासारख्या वर्तमानपत्रांतली कात्रणंच असतात.

इंग्रजी पुस्तकांतले तक्ते उचलून छापावेत, असंही मी सुचवत नाही. त्यांत ब्लूबेरी आणि रासबेरी असतात, करवंद, जांभूळ, आवळा नसतो. करवंदांची वाटी किती ग्रॅमची? पेठ-सुरगाण्याकडची करवंदं मेमध्ये येतील तेव्हा मी मोजणार आहे. कैरीचा कीस सैल आणि दाबून, दोन्ही तऱ्हांनी मोजून ठेवायचा आहे. आवळा उकडण्याआधी आणि बी काढल्यावर. आपल्याला हवी असेल तर माझी वही पाठवायला मी तयार आहे. त्यातला एकही आकडा काट्यावर तीनदा ठेवल्याशिवाय लिहिलेला नाही.

त्या काकू आता परत येतात. त्यांची वाटी आम्ही टाकली नाही. तिच्या बुडाला ‘१५०’ कोरून आणलं आहे आणि कपाटाच्या दाराला आतून कागद लावला आहे: या वाटीत साखर १२५ ग्रॅम. जानेवारीत द्राक्षं सुरू होतील आणि आपल्या पुरवणीत जॅमची, सरबताची एखादी कृती नक्की येईल. ती छापताना जिन्नसांच्या यादीत द्राक्षांपुढे आणि साखरेपुढे ग्रॅमचा आकडा असावा, एवढीच विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
मखमलाबाद रोड, नाशिक